कोरडा कौल

देवीच्या डाव्या खांद्यावरचे शेवाळ कडेने तपकिरी होऊ लागले होते. मधोमध ते अजून हिरवे आणि मऊ होते. पण कडेची बोटभर पट्टी सुकली होती, आणि नखाचा हलका स्पर्श होताच तिची भुकटी होऊन खाली गळली. आवडाबाईंनी ती भुकटी तळहातावर घेतली, बोटांनी चोळली, हुंगली. तिला मातीचा वास नव्हता, पाण्याचाही नव्हता.

पहाट नुकतीच फुटत होती. मोरधार किल्ल्याच्या पूर्वेकडच्या माचीवर काळकाईची राई होती, आणि त्या राईच्या पोटात, ज्या काळ्या कातळात देवी कोरलेली होती त्याच कातळाच्या भेगेतून गडाचा एकमेव जिवंत झरा पाझरत असे. ते पाणी देवीच्या माथ्यावर उतरे, तिच्या कपाळावरून आणि खांद्यांवरून ओघळे, पायाशी कोरलेल्या पन्हळीत येई आणि तिथून गडाच्या मोठ्या टाक्यात जाई. त्यामुळे मोरधारच्या देवीला कोणी स्नान घालत नसे. ती बारमाही न्हातच असे. आवडाबाई लग्नाआधी याच गडावर वाढल्या होत्या आणि वैधव्य आल्यावर याच गडावर, धाकट्या भावाच्या आश्रयाला परतल्या होत्या. लहानपणी राईत शिरताना देवी दिसण्याआधी तिच्या पाण्याचा आवाज येई, हे त्यांना पक्के आठवत होते. आज आवाज नव्हता. भेगेच्या ओठावर एक थेंब जमत होता, बराच वेळ लोंबकळत होता, आणि पडण्याआधीच कातळात जिरून जात होता.

"सावळा," त्यांनी मागे न वळता विचारले, "ही धार कधी थांबली?"

सावळा गुरव झाडलोट करता करता थबकला. "थांबली न्हाय आक्कासाब. बारीक झालीया."

"आज पन्हळीत पाणी आहे?"

सावळाने पन्हळीकडे पाहिलेच नाही. "देवीची मर्जी," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकून, झाडून झालेलीच जागा झाडू लागला.

सूर्य वर आला तसे आजूबाजूचे दिसू लागले. जे डोंगरउतार आवडाबाईंच्या आठवणीत ऐन, खैर आणि हिरड्याने गच्च भरलेले होते, ते आता खरवडलेल्या भांड्यासारखे उघडे पडले होते. त्यांच्यावर बुंध्यांची खोडके उभी होती आणि मागच्या पावसाने ओढलेले तांबडे ओरखडे थेट दरीपर्यंत गेले होते. खालच्या माचीवर ओतशाळेच्या भट्टीचा धूर निघत होता. त्याच्याही खाली, घाटाच्या तोंडाशी, अजमतखानाच्या छावणीतले तंबू दिसत होते. दिवाळीपासून ते तिथेच होते. खानाने घाटवाटा धरल्या होत्या, पण आजवर गडावर एकदाही सुलतानढवा केला नव्हता, की मोर्चे पुढे सरकवले नव्हते. शिबंदीतले लोक याला खानाची भीती म्हणत. आवडाबाईंना तसे वाटत नव्हते.

*

ओतशाळेचे कारखानीस रंगोपंत दोन पावसाळ्यांपूर्वी हुजूरची आज्ञा घेऊन गडावर आले होते. आज्ञा अशी होती की मोरधारवर तोफा ओताव्यात, त्यांस लागणारा कोळसा गडाच्या घेऱ्यातच पाडावा, आणि घेऱ्यातली झाडी पुरी न पडल्यास रीतीप्रमाणे देवीचा कौल घेऊन राईला हात घालावा. पंत बुद्धिमान होते, कष्टाळू होते, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यावी असे त्यांच्यात काही नव्हते. भट्टी पेटली की ते स्वतः धुरात उभे राहत. त्यांनी ओतलेल्या दोन तोफा बुरुजांवर चढल्या होत्या. तिसरी थंड होताना तडकली, आणि तीच आता पुन्हा वितळवायची होती.

पहिल्या वर्षी उतारांवरची झाडी गेली. तिला कौल लागत नव्हता. दुसऱ्या वर्षी कोळसा पाडणारे लोणारी राईच्या कडेशी येऊन थांबले, आणि मार्गशीर्षात प्रथमच देवीला विचारण्यात आले.

मोरधारची रीत अशी होती. पिटकुळीच्या झुडपाचा एक लाल कळा देवीच्या ओल्या कपाळावर चिकटवायचा आणि पुढे धूप घालायचा. धूप विझेपर्यंत कळा टिकला, तर देवीने राई धरून ठेवली असे समजायचे. त्याआधी गळला, तर सोडली. आवडाबाईंच्या आजोबांच्या काळात देवळीच्या तुळईसाठी एक झाड हवे होते, तर ते मागता मागता तीन वर्षे गेली आणि अखेर तुळई दुसऱ्या गावाहून आणावी लागली. कळा गळलेला पाहिलेले माणूस गडावर हयात नव्हते.

मार्गशीर्षात तो अर्ध्या धुपावर गळला. लोकांच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाला, आणि मग जयजयकार झाला. देवीलाच तोफा हव्यात, असे पंत म्हणाले आणि सगळ्यांना ते पटले. राईची बाहेरची बाजू तुटली. माघात पुन्हा कौल लावला, तेव्हा धूर नीट वर चढण्याआधीच कळा खाली आला, आणि जयजयकार आणखी मोठा झाला. आता फाल्गुन सरत होता आणि कातळाभोवतीची शेवटची मोठी झाडे उरली होती.

आवडाबाईंचे धाकटे भाऊ, किल्लेदार रायाजीराव घोसाळकर, दोन्ही वेळा हात जोडून उभे होते. दोन्ही वेळा कळा गळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते आवडाबाईंनी नीट पाहिले होते. तो आनंद नव्हता. ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर दिल्यावर माणसाची मान जशी सैल होते, तशी त्यांची मान सैल झाली होती.

*

त्याच दिवशी, सकाळचा प्रहर सरता सरता, खानाचा वकील सय्यद बुरहान पांढरे निशाण घेऊन गडावर आला. उमदा, साठीचा, मृदू बोलणारा माणूस होता. त्याच्या घराण्याचे दोन पिढ्यांचे वास्तव्य या मुलखात असल्याने मराठी त्याच्या तोंडी सहज होती.

सदरेवर विडे झाले, क्षेमकुशल झाले. रायाजीरावांनी विचारले, "वकीलसाहेब, गड मागायला आलात की गड सोडून चाललात हे सांगायला?"

"दोन्ही नाही, किल्लेदार," बुरहान हसला. "खानसाहेबांनी आपली प्रकृती पुसली आहे. उन्हाळा कडक येतो आहे."

"खानसाहेबांना म्हणावं, उन्हाळ्याची फिकीर तंबूत राहणाऱ्यानं करावी," रंगोपंत मध्येच म्हणाले. "आमच्या बुरुजांवर काय चढलंय ते त्यांनी पाहिलं असेलच."

"पाहिलं तर. सुरेख तोफा आहेत. खानसाहेब रोज सकाळी आपल्या भट्टीचा धूर पाहतात आणि खूष होतात."

"खूष?"

"कारीगरीचे कदरदान आहेत ते," वकील म्हणाला, आणि बोलणे दुसरीकडे वळवले. गड आठ दिवसांत द्या की आठ महिन्यांत, शर्ती त्याच राहतील, हे त्याने हात जोडून सांगितले. खानसाहेबांना घाई नाही, हे त्याने दोनदा सांगितले.

निघताना त्याने पाणी मागितले. चाकर तांब्या आणायला धावला, पण बुरहान म्हणाला, "एवढ्याशासाठी कशाला? टाकं वाटेवरच आहे, तिथंच पिऊ." पाहुण्याला पाणी नाकारणे मोरधारच्या सदरेला शोभणारे नव्हते. टाक्याशी पाणक्याने पोहरा सोडला. दोर सरसरत खाली गेला, आणि जातच राहिला. दोराला मध्ये नवा तुकडा बांधलेला होता. त्या नव्या दोराचा पिवळेपणा जुन्या काळपट दोराजवळ लगेच नजरेत भरत होता. पोहरा खाली टेकल्याचा आवाज आला तो पाण्याचा कमी आणि दगडाचा अधिक होता. वकिलाने ओंजळभर पाणी घेतले. एकच घोट प्यायला. उरलेले पाणी त्याने जमिनीवर टाकले नाही, पुन्हा पोहऱ्यात ओतले.

"आपलं पाणी गोड आहे, किल्लेदार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. किंचित कणव होती, आणि तीच रायाजीरावांना झोंबली.

*

दुपारी आवडाबाईंनी भावाला मुदपाकखान्यात बोलावून घेतले. ओट्यावर पाटा मांडला होता. त्याचे एक टोक त्यांनी ओल्या फडक्याने पुसून ओले केले होते, दुसरे कोरडे होते. तो भिंतीला आडवा टेकवून उभा केला होता, आणि समोर धूप होता.

"हे काय मांडलंय आक्का? पाट्याची पूजा?"

"बस. बोलू नकोस." त्यांनी दोन कळे घेतले, दोन्ही पाण्यात बुडवले आणि एक ओल्या टोकाला, एक कोरड्या टोकाला चिकटवला. धूप पेटवला. दोन्ही भावंडे पाट्याकडे पाहत बसली. धूर सरळ वर गेला, मग छताशी पसरला. कोरड्या टोकावरचा कळा थोडा वाकला, कडेने सुटला आणि पडला. ओल्या टोकावरचा धूप विझल्यावरही जागचा हलला नव्हता.

रायाजीराव म्हणाले, "देवी म्हणजे पाटा नव्हे."

"नव्हेच. पण दगड तोच आहे, आणि कळाही तोच आहे."

"म्हणजे तुमचं म्हणणं, कौल खोटा?"

"मी असं कुठं म्हटलं?" आवडाबाईंनी पडलेला कळा उचलून बाजूला ठेवला. "झाडी होती तोवर पावसाचं पाणी मुळाशी मुरायचं आणि हळूहळू कातळातून यायचं. आता ते माती घेऊन दरीत जातं. झाडं गेली म्हणून कातळ सुकला, कातळ सुकला म्हणून कळा गळला, कळा गळला म्हणून आपण आणखी झाडं तोडली. जितकी राई तोडाल तितका कौल लवकर मिळेल, रायाजी. शेवटचं झाड तोडायची वेळ येईल तेव्हा देवीला विचारायला धूपसुद्धा लागणार नाही."

"मग मी काय करावं?" त्यांचा आवाज चढला. "हुजूरची आज्ञा आहे. तोड थांबवली तर मी आज्ञाभंगी. वतन जाईल, कदाचित मानही. आणि पंत म्हणतात त्यात काय चूक आहे? पाण्यानं खान परतत नाही, गोळ्यानं परततो. उद्या त्यानं सुलतानढवा केला आणि तोफ कमी पडली, तर मी लोकांना काय सांगू? पाट्यावर कळा टिकला होता म्हणून?"

"तो सुलतानढवा करणार नाही. तो धूर मोजतोय. त्याच्या वकिलानं आज दोर पाहिला. तू त्याचा चेहरा पाहिलास."

रायाजीरावांनी मान फिरवली.

"तुला लहानपणी दोन आंब्यांतला एक निवडायला सांगितला की तू डोळे मिटायचास," आवडाबाई म्हणाल्या. "आणि मग आंबट निघाला की हाताला दोष द्यायचास."

"आक्का, हा गड आहे. आंबा नाही."

"म्हणूनच सांगतेय, डोळे उघड."

ते उठले. दाराशी क्षणभर थांबले. "परवा कौल आहे. देवी काय सांगेल ते होईल," ते म्हणाले, आणि निघून गेले. आवडाबाई पाट्यासमोर बसून राहिल्या. त्यांना भावाचा राग आला नव्हता. त्यांना एवढेच दिसत होते की गडावरचा सर्वांत शूर माणूस, ज्याने तारुण्यात एकट्याने गडाच्या एका दरवाजावर शत्रूचा मार झेलला होता, तो एका लाल कळ्याच्या आड उभा होता, आणि त्या कळ्याइतकाही आडोसा आता उरला नव्हता.

*

कौलाच्या सकाळी राईत सगळा गड जमला. राई म्हणण्यासारखे थोडेच उरले होते. कातळाभोवती जुनी जांभळे, एक बेहडा, आणि एक प्रचंड अंजन. लोणारी कुऱ्हाडी टेकून बाजूला उभे होते. रंगोपंत स्वच्छ धुतलेला अंगरखा घालून आले होते. एवढ्या पाणीटंचाईत तो धुतला कसा, असा विचार पुष्कळांच्या मनात आला.

सावळा गुरव कळा घेऊन पुढे झाला, तोच आवडाबाई गर्दीतून आल्या. त्यांच्या हातात तांब्याची घागर होती. मागे गडावरच्या बायका होत्या. शिबंदीच्या, पाणक्यांच्या, लोणाऱ्यांच्याही. टाक्यावर आता माणशी वाटणी होती, आणि प्रत्येकीने सकाळच्या आपल्या वाटणीतले पाणी त्या घागरीत ओतले होते. घागर काठोकाठ नव्हती. पण बरीच भरली होती.

"हे काय?" पंत म्हणाले.

"देवीचं स्नान," आवडाबाई म्हणाल्या.

"कौलाआधी स्नान? ही कुठली नवी रीत, बाईसाहेब?"

यावर उत्तर आले ते अनपेक्षित ठिकाणाहून. सावळा गुरवाने हातातला कळा तबकात ठेवला. मागच्या दोन्ही कौलांनंतर पंतांनी त्याच्या घरी धान्य पोचवले होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते.

"नवी न्हाय जी," तो म्हणाला. "जुनी हीच. माझ्या बापानं कळा लावला तो वल्या कपाळाला. त्याच्या बापानं बी. कोरड्या कपाळाला पैल्यांदा मी लावला. मला दिसत व्हतं. मी बोललो न्हाय."

पंतांचा चेहरा लाल झाला, पण ते सावरले. वादात ते कच्चे नव्हते. "म्हणजे पाणी असलं की देवी नाही म्हणते, आणि पाणी नसलं की हो म्हणते, असंच ना? मग ही देवी कसली, ही घागर झाली! सांगा ना लोकांना तसं."

"तेच ती सांगतेय, पंत," आवडाबाई म्हणाल्या. "मार्गशीर्षापासून सांगतेय."

त्यांनी घागर देवीच्या माथ्यावर रिती केली. कोरडा कातळ आधी पाणी पिऊन गेला, काळा पडला, मग कपाळावर ओल चमकली, आणि खांद्यावरच्या तपकिरी शेवाळाने ती ओल शोषून घेतली. पन्हळीत बारीकसा आवाज झाला. तो आवाज ऐकून मागे एक म्हातारी रडू लागली. आवडाबाई बाजूला झाल्या. सावळाने कळा चिकटवला, धूप घातला, आणि मागे सरला.

कळा टिकला. धूर वर चढला, तरी टिकला. बायकांच्या बाजूने कुजबुज उठली, आणि रायाजीरावांच्या मानेच्या शिरा सैल होत असल्याचे आवडाबाईंना दिसले. ती सैल होण्याची जुनी ओळखीची रीत होती, फक्त या वेळी ती आवडाबाईंच्या बाजूने होती. त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

तेवढ्यात ऊन आले. मोरधारच्या देवीवर ऊन कधी पडत नसे. पूर्वेची झाडे तिला सकाळभर सावलीत ठेवत. पण ती झाडे माघात कोळसा होऊन गेली होती, आणि त्या मोकळ्या जागेतून फाल्गुनाचे कोवळे, तरीही तापलेले ऊन सरळ आत आले, देवीच्या खांद्यावर पडले, मग गालावर, मग कपाळावर. ओल्या पाषाणातून वाफ निघू लागली. कपाळावरची चमक कडेने मंद होत मधोमध सरकू लागली. सगळ्यांच्या नजरा त्या आक्रसत जाणाऱ्या ओलीवर खिळल्या होत्या. धूप अजून जळत होता. कळ्याची एक कड सुटली.

"पाहा," रंगोपंत हळूच म्हणाले. त्या एका शब्दात विजय होता की भीती, हे सांगता आले नसते.

रायाजीरावांनी जोडलेले हात सोडले. ते पुढे झाले. देवळीच्या पायरीशी त्यांनी जोडे काढले, वर चढले, आणि कोणाला काही कळण्याआधी देवीच्या कपाळावरचा कळा स्वतःच्या बोटांनी काढून घेतला. कौलासाठी लावलेला कळा माणसाने काढल्याचे कोणी ऐकले नव्हते. सावळा जमिनीवर बसला. एका लोणाऱ्याच्या हातून कुऱ्हाड निसटली.

पुढे जे झाले ते असे. पावसाळ्यापूर्वीचे दिवस मोरधारने घोटाघोटाने काढले, आणि काही म्हातारीकोतारी माणसे व दोन तान्ही मुले ते काढू शकली नाहीत. पहिल्या पुरात घाटवाटा वाहू लागल्या तेव्हा खानाने छावणी उठवली. पंतांची तक्रार हुजुरात पोचली होतीच. भाद्रपदात रायाजीरावांना बेड्या घालून गड उतरवला आणि वतन जप्त झाले. आवडाबाई गडावरच राहिल्या. तुटलेल्या खोडांना धुमारे फुटले, पण झऱ्याचा आवाज राईच्या बाहेरून ऐकू येईल इतका त्यांच्या हयातीत पुन्हा कधी झाला नाही. यातले पुष्कळ काही त्या सकाळी पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत होते. झरा टिकेल की नाही, हे दिसत नव्हते.

त्यांनी कळा मुठीत धरला आणि लोकांकडे तोंड केले.

"राई तुटणार नाही," रायाजीराव म्हणाले. "हा देवीचा कौल नव्हे. हे मी सांगतो आहे."